शालनबायचा कागदाचा गणपती

ही वही कोणाच्या हाती लागली तर त्याने आधीच मला माफ करावं. माझी शाळा मराठी चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की सामानाची यादी दिली की दुकानदार ती परत माझ्याच हातात देतो आणि म्हणतो, "वाचून दाखव बाये." चार माणसं समोर असली की माझी जीभ आत जाते. शालनबाय गेल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. लिहिलं तर निदान मला तरी कळेल असं वाटलं. आज लिहायला बसून चौथा दिवस. अजून कळलेलं नाही.

शालनबाय आमच्या शेजारची. पेडण्याकडच्या आमच्या वाड्यावर चिताऱ्यांचं ते एकच घर. लाकडावर लाख आणि रंग चढवायचा हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. लग्नाचे पाट, चौरंग, पाळणे, देवाची मखरं. तिच्या घराण्यात बायका रंग घोटायच्या आणि पुरुष रंगवायचे. बाप वारला, भाऊ बोटीवर गेला आणि परतला नाही, तेव्हा शालनबायने कुंचला उचलला. तिला कोणी विचारलं नाही, तिनेही कोणाला विचारलं नाही. लग्न राहून गेलं. भावाचा मुलगा दिगू तिनेच वाढवला.

मी तिच्याकडे रंग घोटायला जायचे. तिचे रंग नारळाच्या करट्यांतून असत, आणि कुठल्या करटीत कुठला रंग हे ती न बघता सांगायची. कुंचला ओला झाला की आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायची. त्यामुळे ते नख कधी कोरं नसे. वाड्यावरच्या बायका नख बघून ओळखायच्या. "आज हिरवां दिसता गो शालनबाय, कोणाचो पाळणो?"

बोलायची कमी. एखादा रंग सारखा सारखा लावावा लागला की म्हणायची, "ह्यो रंग भुकेलो आसा, तेका आणि जरा वाढ." कोणाचं कौतुक करत नसे. माझ्या रंगाला पंधरा वर्षांत एकदा "चलात" म्हणाली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिची एक खोड होती. समोर असेल तेच तिला काढता यायचं. मनातलं म्हणून काही नाही. डिचोलीकडचा एक ट्रकवाला आला, खाणीवर त्याचे दोन ट्रक चालायचे. पहिला मुलगा झाला होता. म्हणाला, पाळण्यावर ट्रक काढून द्या. शालनबायने मोर काढले होते, आंबे काढले होते, ट्रक कधी नाही. दुसऱ्या दिवशी ती बस धरून डिचोलीला गेली आणि खाणीच्या रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली. पाळणा झाला तेव्हा त्यावर ट्रक होता, त्यावरची लाल धूळ होती, मागच्या फळीवरचं लिंबू-मिरची होतं आणि नंबरही होता. ट्रकवाला पाळण्याकडे बघतच राहिला.

"ह्यो नंबर माझ्या शेजाऱ्याचो!" तो ओरडला. "तेचां माझां बोलणां नाय! तेचो ट्रक माझ्या पोराच्या पाळण्यार?"

"तोच पयलो गेलो," शालनबाय म्हणाली. "तू बेगीन जावचो होतस."

मी आत पदर तोंडात धरून हसत होते. तिने कुंचला घेतला, त्याच्याकडून त्याचा नंबर विचारून घेतला आणि बदलून दिला. पण तो गेल्यावर म्हणाली, "ह्यो नंबर मी बघूक नाय. बरो दिसणा नाय."

आता गणपतीचं सांगायला हवं.

आमच्याकडे काही घरांत चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत. कागदावर काढलेला गणपती पाटावर ठेवून पुजतात. जुन्या काळी फिरंग्यांच्या भीतीने सुरू झालेलं, ते तसंच राहिलं. कागद विसर्जन करायचा नसतो. उत्तरपूजा झाली की उतरवून पेटीत ठेवायचा आणि पुढच्या वर्षी परत काढायचा. शालनबायच्या घरचा कागद बाबीने काढलेला.

बाबी म्हणजे आता ज्याचं नाव पोस्टरवर तीन ओळींत मावत नाही तो मोठा चित्रकार. मुंबईला त्याची चित्रं लाखांनी जातात म्हणे, परदेशातही आहेत. पण आमच्या वाड्यावर तो बाबीच. तरुणपणी दोन वर्षं तो शालनबायच्या बापाकडे रंगकाम शिकत होता. त्या घरचा जुना कागद वाळवीने खाल्ला, तेव्हा त्याने नवा काढून दिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईला गेला. पुढे कधीतरी पेपरवाले शालनबायकडे त्याच्या आठवणी विचारायला आले होते. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "भुकेलो आसायचो. बसलो की पाच पाव खायचो." त्यांनी परत परत विचारलं. ती परत परत पावच सांगत राहिली.

आता कागद म्हणजे कागद. पावसाळ्यात ओल धरतो, कसर लागते, समईचा धूर बसतो. शालनबाय चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी, देवाच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधून झाली की, पेटी उघडून देव बाहेर काढायची. जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, पाटावर ठेवायची. कुठे फाटलं असेल तिथे भाताच्या खळीने मागून चिकटवायची. मग जिथे रंग उडाला असेल तिथे रंग. एका वर्षी कसरीने उजवा कान खाल्ला होता, तर नवीन कान दिला. एका वर्षी पितांबर विटला होता, तो पुरा पिवळा केला. डोळे जवळजवळ दरवर्षी. मी रंग घोटून द्यायचे आणि बघत बसायचे. चवथीआधी घराला चुना काढतात ना, अगदी तसंच होतं ते. विटलेल्या डोळ्यांचा देव पाटावर ठेवणार कसा? आपण कोणा मोठ्या माणसाच्या चित्राला हात लावतो आहोत असं तिच्या मनातही आलं नाही, आणि माझ्याही.

अशी तीस-पस्तीस वर्षं गेली, त्यातली पंधरा माझ्यादेखत.

डिचोलीत एका ट्रस्टने जुन्या बंगल्यात म्युझियम केलं आहे. बाबी वारल्यावर त्यांनी त्याच्या सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यांना कोणीतरी सांगितलं की त्याचं एक अगदी पहिलं चित्र पेडण्याकडे एका घरात पुजतात. ते आले, दिगूशी बोलले. शालनबाय तेव्हा शिगम्याच्या कामात होती, तिने बाहेर येऊन बघितलंही नाही. दिगूने तिला एवढंच सांगितलं, "आते, देव थोडे दिवस डिचोलीक लोकांक दर्शन दिवक जातलो. ते पैशेय देतत." साठ हजार मिळाले, त्यात घराचं छप्पर झालं. देव पाहुणा म्हणून जातो आहे असं समजून तिने पुढ्यात नारळ ठेवून त्याला पाठवला.

प्रदर्शन उघडल्यावर ती मला म्हणाली, "चल गो सुमन, देवाक भेटून येवया."

आम्ही दोन बसी बदलून डिचोलीला गेलो. ती जास्वंद आणि दुर्वा घेऊन आली होती. हॉलच्या दारात तिने चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या. आत इतका गारवा की फरशीने माझ्या पायांत कळा यायला लागल्या. रखवालदार म्हणाला, "मावशी, हंय फुलां घालूक जायना." तिने फुलं मुकाट्याने परत पिशवीत ठेवली.

गणपती मधल्या भिंतीवर होता. वरून एक दिवा फक्त त्याच्यावर. डावीकडे बाबीनेच काढलेली एक बाई, अंगावर सूत नाही. शालनबायने पदर सावरला, जणू तिचाच ढळला होता.

"हिका कोणीतरी कापड दिया रे," ती रखवालदाराला म्हणाली. "देवाच्या शेजाराक आसा."

तेवढ्यात म्युझियमच्या मॅडम दहा-बारा लोकांना घेऊन आल्या. चांगल्या होत्या त्या, गोड बोलणाऱ्या. गणपतीसमोर उभ्या राहून सांगायला लागल्या. "चित्रकाराचं वय तेव्हा जेमतेम एकोणीस. पण डोळे बघा. पुढे जगभर गाजलेली ती नजर इथे आधीच आलेली आहे."

सगळे डोळे बघायला लागले. शालनबायही पुढे झाली, मान तिरकी करून बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे डोळे माझो मोतीबिंदू काडलो तेच्या आदल्या वर्साचे. माका तेवां नीट दिसाच नाय."

मला हसू फुटलं. मी मॅडमकडे बघितलं. चित्राखालच्या कार्डावर बघितलं. तिथे बाबीचं पूर्ण नाव होतं.

लोक पांगल्यावर शालनबायने मॅडमना विचारलं, "देव घराक कधी धाडतल्यात? चवथीआधी येवक होयो. माटोळी बांदूची आसता."

मॅडमना आधी कळलंच नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, चित्र आम्ही विकत घेतलंय. तुमच्या भाच्याने सही केली आहे."

मी शालनबायला कधी खाली बसताना बघितलं नव्हतं, कामाशिवाय. ती तिथेच फरशीवर बसली.

घरी आल्यावर दिगूशी जे झालं ते मी लिहीत नाही. तोही वाईट नव्हता. "आते, छप्पर गळत होतां. तुकाच ताप येयत होतो," एवढंच तो म्हणत राहिला. शालनबाय एकच सांगत होती. "छप्पर काड. देव हाड." छप्पर काढ, पण देव घरी आण.

पुढच्या आठवड्यात ती परत डिचोलीला निघाली आणि मला बरोबर घेतलं. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पैशे परत घेया आणि देव माका दिया."

मॅडमनी समजावून सांगितलं की ते शक्य नाही, असं चित्र त्यांना पुन्हा कुठे मिळणार नाही, कॅटलॉग छापून झाला आहे.

"तां बाबीचां न्हय," शालनबाय म्हणाली. "तां माझां. रंग सगळो माझो."

मॅडम हसल्या. मग तिने कान सांगितला, पितांबर सांगितला, डोळे सांगितले, उंदराची शेपटी कुठल्या साली लांब केली ते सांगितलं. मॅडमचं हसू हळूहळू गेलं. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बघितलंय हे? सगळं यांनीच रंगवलंय?"

मी काय बघितलं होतं? एका वर्षी कान. एका वर्षी पितांबर. सोंड कधी रंगवली ते मला आठवत नव्हतं. मुकुट मी तिला रंगवताना बघितलाच नव्हता, की बघितला होता आणि विसरले? शालनबाय माझ्याकडे बघत होती. तिला देव घरी हवा होता.

"होय," मी म्हटलं. "सगळं."

हे खरं होतं की खोटं, हाच तो प्रश्न. लोक विचारतात तेव्हा मी चहा ठेवायला आत जाते.

मुंबईहून एक जाणते गृहस्थ आले, भिंग लावून बघून गेले. रंगावर रंग, त्यावर रंग, म्हणाले. तळाला काय आहे ते सांगता येत नाही. म्युझियमने गणपती भिंतीवरून उतरवला. ट्रस्टच्या लोकांची बैठक झाली आणि मॅडमनी दिगूला फोन करून सांगितलं, साठ हजार पूर्ण परत करा, चित्र घेऊन जा. थोडे थोडे दिले तरी चालतील, पण चित्र शेवटचा रुपया आल्यावर.

शालनबाय कामाला लागली. पाट, चौरंग, जे येईल ते. केरीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने पाट मागवले, जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावायला. पाट भिंतीवर? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बसूचां तां टांगतत. पुजूचां तांय टांगतत. लोकांका जमिनीर काय नको जालां." पण केले. त्या महिन्यांत मी तिच्याइतकीच थकले.

तरी चवथीपर्यंत निम्मेच झाले.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी गेले. माटोळी बांधून झाली होती. जनेलाखाली पाटावर कोरा कागद होता. शालनबाय त्याच्यासमोर बसली होती, कुंचला हातात, नखावर लाल रेघ. मी रंग घोटून ठेवले. ती हलली नाही. पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू आला, तो येऊन गेला, तरी ती तशीच.

"काढ ना," मी म्हटलं.

"खंयसून?" ती म्हणाली. "तुका काय वाटता, मी काडीत होतंय? रेघ बाबीची होती. मी तिच्यावयसून चलायचंय. रेघच नाय तर हात खंय जातलो?"

दिवेलागणीला तिने काढला शेवटी. सोंड होती, मोदक होता, सगळं होतं. पण तो आमचा नव्हता. कुणीतरी ओळख नसलेला पाहुणा येऊन बसावा तसा वाटला. तिने त्याची पूजा नीट केली, नैवेद्य दाखवला आणि पाचव्या दिवशी कागद असूनही तळ्यात सोडला. "तेका पेटयेत कित्याक ठेवू? तो रवाक येवकच नाय," म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी ती म्हणाली, "चल. मॅडमक सांगूक होयां."

"काय?"

"रेघ तेची म्हणान."

मी तिला म्हटलं, जीव एकवटून म्हटलं, की आता हे सांगितलंस तर ते चित्र ठेवून घेतील. निम्मे पैसे दिले आहेत, निम्मेच राहिले आहेत, गप्प बस.

"ठेवून घेवंदेत," ती म्हणाली. "खोट्यान हाडलेलो देव पाटार बसणा नाय."

मला तिचा राग आला. त्या 'होय, सगळं'मध्ये मीही होते ना.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "मावशी, तेव्हा तुम्ही म्हणालात सगळं तुमचं. आता म्हणता रेघ त्याची. मी कार्डावर काय लिहू? तुम्ही मला वेड लावणार आहात."

"माका लागलांच आसा. तुमका लागलां तर काय जाता?" शालनबाय म्हणाली. मग जरा थांबून, "दोगांचो म्हणान लिवा."

"तसं लिहिता येत नाही."

"कित्याक?"

मॅडमनी पेनला टोपण लावलं. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमचं काय म्हणणं?" माझी जीभ आत गेली ती गेलीच.

महिनाभर काही कळलं नाही. शालनबाय जेवायची, काम करायची, पण माझ्याशी कमी बोलायची. मला वाटत होतं देव गेला. मग दिगूला फोन आला. ट्रस्टमध्ये म्हणे दोन तट पडले होते. कोणी म्हणत होतं चित्र अमोल आहे, कोणी म्हणत होतं काहीच किमतीचं नाही. शेवटी कंटाळून त्यांनी आधीचंच कायम ठेवलं. पैसे द्या, घेऊन जा.

फाल्गुनात आम्ही शेवटचे पैसे घेऊन गेलो. प्रदर्शन कधीच संपलं होतं. हॉलमध्ये कुणा दुसऱ्याची चित्रं होती, सगळी निळी. ऑफिसात कारकुनाने नोटा मोजायला घेतल्या. मॅडमनी खाकी कागदात बांधलेलं चित्र आणून टेबलावर ठेवलं आणि स्वतः दोरा सोडला. "आम्ही फक्त कापसाने वरचा धूर काढलाय हं," त्या म्हणाल्या. "बाकी हात लावला नाही."

धूर गेल्यामुळे गणपती उजळला होता. कानाच्या कडेला, पितांबराखाली, कधी न दिसलेली एक बारीक काळी रेघ दिसत होती. काही ठिकाणी रंग तिच्या आत होता, काही ठिकाणी बाहेर गेला होता.

शालनबाय वाकली. चष्मा कपाळावर नेला, परत खाली घेतला. जिला त्या कागदाचं प्रत्येक भोक पाठ, ती त्याच्याकडे परक्या गावात उतरल्यासारखी बघत होती. कारकुनाच्या नोटा मोजून झाल्या होत्या. मग तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, मॅडमना ऐकू जाणार नाही असं.

"सुमन, ह्यो आमचोच मा गो?"

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते कोणाचे हे मला ओळखू येईना.

"होय," मी म्हटलं.

तिने मान हलवली, खाकी कागद परत गुंडाळला आणि पोर घ्यावं तसं चित्र कडेवर घेतलं. कारकुनाने पावतीवर शिक्का मारून ती माझ्यापुढे सरकवली. साठ हजार पूर्ण फिटले होते.